दौलतनानांचं पाणी

रोज सकाळी सव्वासातला ज्याचा फोन येतो त्या माणसाविषयी आपुलकी वाटायला बराच काळ जावा लागतो. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरी व्हायची, नवरा मोजे शोधत घरभर फिरतोय, आणि तेवढ्यात फोन: "ताई, लिखा." ना नमस्कार, ना चमत्कार. मी कणकेचा हात पदराला पुसायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या कडेला आकडा लिहायची. आकडा सांगून झाला तरी पलीकडचा माणूस फोन ठेवायचा नाही. एक वाक्य जास्तीचं यायचंच. "आज पानी रुसेल शे," म्हणजे रुसलंय. नाहीतर, "वारा शे ताई, आज फोटू नही." मी बरं म्हणायची आणि गॅसकडे धावायची. अकरा वर्षं हे चाललं. आता फोन येत नाही, तर कुकर कितीही शिट्ट्या करो, सव्वासात वाजले की माझा हात आपोआप थांबतो.

मी तालुक्याच्या गावी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून. आमच्या हाताखालच्या सगळ्या लहान तलावांची पातळी सकाळी गोळा करायची आणि पुढे कळवायची, हे माझं काम. खांडबारा आणि विसरवाडीच्या मधल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी जो एक साधा मातीचा तलाव आहे त्याचे चौकीदार म्हणजे दौलतनाना. तलाव असा की पाहायला म्हणून कुणी मुद्दाम जाऊ नये. एक बांध, एक सांडवा, काठाला बाभळी, पलीकडे मक्याची आणि भाताची शेतं. नाना मात्र त्याच्याबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण अजून तलाव पाहिलाच नाही.

तापीकाठच्या पाटील घरातला हा माणूस. भाऊ केळी आणि कापूस करणारे, दारात ट्रॅक्टर. यांनी धाकट्या वयात ही नोकरी धरली आणि घरात महाभारत झालं. पाटलाच्या पोरानं पट्टीवर पाणी मोजायचं, हे त्यांच्या वडिलांना मरेपर्यंत पटलं नाही. नाना उंच, काटकुळे, पांढरी टोपी नेहमी किंचित डावीकडे. बोलणं शुद्ध अहिराणी. साहेब नाशिकचा असो की नागपूरचा, त्यालाही अहिराणीच. नवा साहेब पहिल्या महिन्यात गोंधळायचा आणि सहाव्या महिन्यात स्वतःच "काय शे नाना?" म्हणायला लागायचा.

नानांचा कॅमेरा विसरवाडीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडून आलेला. धंदा बसल्यावर त्यानं दुकान मोडलं, तेव्हा नानांनी त्याचा कॅमेरा घेतला. तो नानीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलेला असायचा, शेजारी रजिस्टर आणि डब्यात भाकरी. क्रम ठरलेला. बांधावर चढताना चपला काढायच्या. खाली उतरून मोजपट्टी पाहायची, आकडा लिहायचा, मला फोन करायचा, आणि मगच कॅमेऱ्याला हात. आधी सरकारचं पाणी, मग आपलं, असं म्हणायचे.

त्यांच्या फोटोंची तऱ्हा मी कधी कुणाकडे पाहिली नाही. उगवता सूर्य नाही, मावळता तर नाहीच. होडी नाही, बगळा आपणहून आला तर चालेल. "सूर्य काय, बठ्ठाच काढतंस," असं तोंड वाकडं करून म्हणायचे, म्हणजे सूर्य काय, सगळेच काढतात. त्यांना आवडायचा ढगाळ दिवस, सकाळी आठच्या सुमाराचा, जेव्हा सावल्या पडत नाहीत आणि पाण्याचा रंग नेमका काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. एकेका फोटोसाठी तास तास उकिडवे बसायचे. आणि फोटोत माणूस नको. माणूस आला की बघणारा त्याचंच तोंड बघतो, पाण्याकडं कोण बघणार, हा त्यांचा मुद्दा. नानी यावर एकच बोलायची. म्हणायची, या बाप्याकडे पाण्याचे हजारो फोटो आहेत आणि माझा एक, तोही रेशनकार्डावर.

मी एकदा वैतागून विचारलं होतं की नाना, तलाव तोच, बांध तोच, डोंगर कुठे जात नाही, मग रोज काय काढता? त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि माझ्या टेबलावर दोन फोटो ठेवले. लागोपाठच्या दोन दिवसांचे. मला एकसारखेच दिसले. त्यांनी बोटानं दाखवलं: इथं काल गवत बुडालेलं होतं, आज त्याची टोकं वर आहेत, इथं डोंगर काल पाण्यात पुरा दिसत होता, आज मोडलाय. "पानी दोन दिन सारखं नही ऱ्हास ताई," म्हणाले. मी मान डोलावली. खरं सांगते, तेव्हा मला त्यांची कीव आली होती.

अलीकडे आमच्या तलावाला लग्नाआधीच्या फोटोवाल्यांचा सुळसुळाट झाला. नंदुरबारहून गाड्या भरून येतात, मुलगी जमिनीवर लोळणारा झगा घालून, मुलगा काळ्या कोटात, वर घोंघावणारा ड्रोन. अशाच एका फोटोवाल्यानं नानांना चांगली जागा विचारली. गरीब बिचारा, त्याला काय माहीत. नानांनी त्या सगळ्यांना मागच्या काठाला नेलं आणि वारा पडेपर्यंत दोन तास बसवून ठेवलं. झगा चिखलानं अर्धा तपकिरी झाला, मुलीच्या आईनं नानांचा उद्धार केला. शेवटी वारा पडला. नानांनी फोटोवाल्याचा खांदा धरून त्याला मागे, आणखी मागे नेलं. त्या फोटोत आभाळ आहे, डोंगर आहे, आभाळ पुन्हा पाण्यात आहे, आणि नवरानवरी मुंग्यांएवढी. पण खरंच सांगते, तो फोटो सुंदर होता. पुढे त्या मुलीनं तोच मोठा करून हॉलमध्ये लावला, असं कानावर आलं.

मग आमच्याकडे मोबाइलचा हुकूम निघाला. प्रत्येक चौकीदारानं मोजपट्टीचा फोटो रोज ग्रुपवर टाकायचा. बाकीचे पट्टीला नाक लावून फोटो टाकायचे. नानांचा पहिला फोटो आला तो असा: अख्खा तलाव, वर ढगांची चादर, आणि डाव्या कोपऱ्यात आगकाडीएवढी मोजपट्टी. साहेबांनी दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला, आकडा काही दिसेना. समज दिली. दुसऱ्या दिवशी पट्टी उजव्या कोपऱ्यात गेली. आठवडाभर ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी साहेबांनीच हात टेकले. म्हणाले, नानांना फोटो माफ, त्यांनी नुसता फोन करावा, त्यांच्या आकड्याला पुरावा लागत नाही.

ते खरंच होतं. नानांचा आकडा म्हणजे त्या भागातली शपथ होती. कुणाच्या पाळीचं पाणी किती, कुणाची मोटर बुडाली की नाही, असल्या भांडणात शेवटी कुणीतरी म्हणायचं, नानांनी काय लिहिलंय ते बघा. आणि भांडण तिथं मिटायचं. घरचं वतन सोडून आलेल्या माणसानं या तलावावरच्या एकोणीस वर्षांत हे एवढंच कमावलं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

श्रावणात विसरवाडीच्या बायका कानबाई देवी बोळवायला, म्हणजे विसर्जनाला, याच तलावावर आणतात. वाजतगाजत येतात, पाण्यात उतरतात, परत जातात. एका वर्षी सगळे जण नाचाचे फोटो काढत असताना नाना बाभळीखाली बसून राहिले होते. सगळी मंडळी गेल्यावर त्यांनी एकच फोटो काढला. ओल्या गाळात बायकांच्या पावलांचे पाण्याकडे गेलेले आणि पाण्याकडून आलेले ठसे, काठाला अडकलेली चार फुलं, आणि पुढे सगळं स्तब्ध पाणी. त्यांना न सांगता मी तो फोटो नंदुरबारच्या एका मंडळाच्या स्पर्धेला पाठवला. वर्षभर काही कळलं नाही, आणि पुढच्या श्रावणात पत्र आलं: दुसरं बक्षीस, समारंभाला यावे.

मी नानांना असं कधी पाहिलं नव्हतं. टोपी सरळ झाली. पत्र दहा वेळा वाचलं. पण ऐन पावसाळ्यात चौकीदाराला रजा म्हणजे बदली माणूस द्यावा लागतो, आणि नानांना आपल्या तलावावर दुसऱ्याचे डोळे नको होते. मी म्हटलं, अर्ज तर टाका. त्यांनी हो म्हटलं आणि टाकला नाही. चार दिवस पाऊस नव्हता, पाणी एका जागी थांबलं होतं. एकोणीस वर्षं जो माणूस आम्हाला सांगत होता की पाणी दोन दिवस सारखं राहत नाही, त्यानं समारंभाच्या दिवशीचा आकडा आदल्या संध्याकाळीच रजिस्टरात लिहून ठेवला. कालच्यासारखाच.

सकाळी सव्वासातला फोन आला. "ताई, लिखा." मी लिहिलं. मागून स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती, गाडी फलाटावर येत असल्याची, मराठी झाली, हिंदी झाली, गुजराती झाली. खांडबाऱ्याचं स्टेशन तलावापासून काही हाकेवर नाही. मला कळलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एक दिवस, बक्षीस रोज मिळतं का. आणि त्या दिवशी जास्तीचं वाक्य आलं नाही, तेही माझ्या लक्षात आलं होतं.

त्याच पहाटे वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. आमच्याकडे थेंब नाही, पण नाला भरून तलावात आला आणि दोन-तीन तास पाणी मागच्या काठाच्या शेतात चढून राहिलं. तिथं एकच घर, जालमादादांचं. कोकणी आदिवासी शेतकरी, नवराबायको आणि बैलजोडी. गोठा सखल भागात. एक बैल दाव्यासकट बुडाला. दुपारपर्यंत सांडव्यावरून पाणी उतरून गेलं, आणि चार वाजता बघणाऱ्याला काही झालंय असं वाटलंही नसतं.

पंचनाम्याला आलेल्यांनी रजिस्टर मागवलं. सकाळची पातळी कालच्याइतकीच. मग शेतात पाणी चढलं कसं? बैल आजारानं मेला असेल, मदतीसाठी बुडाला म्हणतोय, असा निष्कर्ष निघाला. विसरवाडीच्या चहाच्या टपरीवर लोक जालमादादांना तोंडावर हसायला लागले. एकदा नाना तिथंच बाकावर होते. कुणीतरी म्हणालं, नाना, तुम्हीच सांगा याला, पाणी आलं होतं का? नानांनी बशीतला चहा संपवला आणि उठून गेले. नानी सांगत होती, त्या दिवसांत ते जेवत नव्हते, आणि बक्षिसाचं प्रमाणपत्र नानीनं हौसेनं चौकटीत घालून भिंतीला लावलं तर तिच्यावर खेकसले. समारंभाच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी काठाच्या दगडांवर पाण्याची ओली रेघ पाहिली होती, नेहमीपेक्षा बरीच वर, काटक्या आणि फेस अडकलेली. त्यांना सगळं कळलं होतं. आणि बारा दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं.

तेराव्या दिवशी ते ऑफिसात आले. मळक्या धोतरात, कापडी पिशवी छातीशी धरून. सरळ साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले. मी शेजारीच फाइल घेऊन होते.

"साहेब, त्या दिन मी तलाववर नव्हतू. आकडा मी लिखा, पन पानी मी दखं नही. जालमा खरं बोली ऱ्हायना."

जालमा खरं बोलतोय हे ऐकून साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. दार लावून घेतलं. निवृत्तीला चार महिने राहिलेत नाना, विचार करून बोला, हे एकदा कागदावर आलं की पुसता येत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. नानांनी पिशवी उघडली. चौकटीतून काढलेलं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. त्यावर त्यांचं नाव होतं, तारीख होती आणि गाव होतं नंदुरबार. शेजारी दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो ठेवला. ढगाळ सकाळ, शांत पाणी, आणि काठाच्या दगडांवर हातभर वर गेलेली ती रेघ. आयुष्यात मिळालेलं एकच बक्षीस त्या माणसानं स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून जोडलं.

जबाब मला टाइप करायचा होता. नाना सांगत गेले, मी मराठीत घेत गेले. मधे मी विचारलं, नाना, तेरा दिवस का लावलेत, आणि आज कसे आलात? तेव्हा त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी जालमादादा चौकीवर आले होते. भांडायला आलेत असं वाटून नाना उठून उभे राहिले. जालमादादा खाली बसले. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, लहानथोर सगळ्यांना तूच.

"नाना, तू खरं सांग," ते म्हणाले होते. "पाणी आलं होतं, की मला तसं दिसलं?"

नाना म्हणाले, ताई, त्याचा बैल त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला आणि माझ्या आकड्यामुळे तो स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी आणखी महिनाभर गप्प बसलो असतो.

मग आकडा ऑफिसात कसा कळवला, हा रकाना आला. नाना म्हणाले, फोननं. कुठून, ते बोलले नाहीत. मी वर पाहिलं, ते खिडकीकडे पाहत होते. मी 'फोनद्वारे' एवढंच टाइप केलं. मी गाडीची घोषणा ऐकली होती, मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि जालमादादांना लोक हसत होते तेव्हा मीही गप्प होते. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोलले नाही. नानांनी मला झाकलं आणि मी झाकू दिलं. त्याची लाज मला आजही वाटते आणि ती वाटायलाच हवी.

जालमादादांचा पंचनामा पुन्हा झाला, नीट झाला. नानांच्या सेवापुस्तकात ठपका लागला. वर आदेश निघाला की निवृत्तीपर्यंत रोजच्या पातळीवर लाभक्षेत्रातल्या एका शेतकऱ्यानं साक्षीदार म्हणून सही करावी. ज्यांच्या आकड्याला पुरावा लागत नव्हता त्यांच्या आकड्याला आता पहारा. गावात कुणी सही करायला तयार होईना. नानांवर नजर ठेवायची म्हणजे पाप, असं म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मग नाना स्वतः मागच्या काठाला गेले आणि जालमादादांना म्हणाले, माझ्या आकड्यानं तुला खोटं पाडलं, तर तो तपासायचा हक्क तुझाच. जालमादादांची बायको नको म्हणत होती. ते मात्र दुसऱ्या दिवसापासून काठाकाठानं चालत यायला लागले.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या सकाळी. निवृत्तीचे कागद साहेब टपालानं पाठवणार होते, मी म्हटलं मीच नेते. डिसेंबर होता. थंडीनं पाण्यावर वाफ धरली होती, कालव्याला पाणी सुटलेलं असल्यानं तलाव रोज थोडा थोडा उतरत होता. नाना अनवाणी बांधावर उभे होते, काखेत रजिस्टर. जालमादादा घोंगडी पांघरून येऊन पोचले. नानांनी खाली जाऊन पट्टी पाहिली, वर येऊन आकडा लिहिला आणि पेन जालमादादांच्या हातात दिलं. त्यांनी पट्टीकडे न बघताच रजिस्टर मांडीवर घेतलं.

नानांनी पानावर हात ठेवला. "पहिले दख," ते म्हणाले. "मंग सही कर."

तू लिहिलंस ना, झालं की, असं जालमादादा म्हणाले. आज शेवटचा दिवस आहे, थंडी आहे, कशाला पाण्यात उतरायचं. नाना हात काढायला तयार नाहीत. शेवटी जालमादादा पुटपुटत उठले, घोंगडी माझ्याकडे दिली आणि दगडांवरून खाली गेले. पट्टीपाशी वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. पाण्यावर बारीक लाटा होत्या, त्या थांबायची वाट बघत असावेत. मग त्यांनी वर मान केली.

"नाना," ते म्हणाले, "एक कमी आहे."

नाना पुन्हा खाली उतरले, जालमादादांच्या शेजारी वाकले, डोळे बारीक करून पाहिलं. मग हसले, अगदी मोठ्यानं, असं हसताना मी त्यांना अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. वर येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं, स्वतःच्या आकड्यावर एक सरळ रेघ ओढली आणि त्याच्या वर जालमानं पाहिलेला आकडा लिहिला.